जाळ्याची पुढची बाजू

भाऊजी,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा लिहून उपयोग नव्हता, तुम्हाला वाचता येत नव्हतं. आता उपयोग का नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. तरी लिहिते, कारण कालच्या पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्यात आणि चारीच्या चारी खोट्या आहेत. तुम्हाला 'मत्स्यमित्र' म्हटलंय. 'लहानपणापासून मुक्या जिवांविषयी अपार करुणा' असंही छापलंय. धक्क्याच्या भिंतीवर तुमच्या नावाची फरशी बसवली, तिचा फोटो आहे, आणि तिच्यासमोर माझा मुलगा हात जोडून उभा आहे. तुम्ही बघितला असतात तर नाकातून हसला असता आणि विचारलं असतं, वहिनी, हा हात जोडून काय मागतोय?

तुमची गोष्ट तुम्हालाच काय सांगायची? ज्यांनी तुम्हाला फक्त फरशीवर पाहिलंय त्यांना सांगते. तिच्यात तुमची वहिनी येते, तिलाही परकी बाई समजूनच सांगणार आहे. 'मी' म्हटलं की माणूस स्वतःच्या पानात जरा जास्तच वाढून घेतो.

तर ऐका.

बंदरावर त्याला गाठोबा म्हणत. खरं नाव दवाखान्याच्या कागदावर असायचं, तेवढंच. बर्फाच्या कारखान्यामागे पत्र्याची लांब शेड होती, तिच्या तुळईवरून जाळी लोंबत आणि खाली उलट्या खोक्यावर हा बसलेला. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचं एक घर, म्हणजे एक चौकट, अडकवून ताणून धरायचा आणि लाकडी सुईने गाठ मारत सुटायचा. त्या अंगठ्याला इतका घट्टा पडला होता की चप्पल तिरकी बसायची. जाळी दुरुस्त करणारे बंदरावर आणखीही होते, पण त्याची एक गोष्ट कुणाला जमली नाही. फाटकं जाळं धक्क्यावर पसरलं की तो एकदा त्याच्याभोवती लंगडत चक्कर मारायचा आणि शेडमध्ये जाऊन ठिगळं विणायला घ्यायचा. परत बघायला येत नसे. कुठलं भोक कुठे, केवढं, कोणत्या दोरीपासून किती घरांवर, सगळं डोक्यात. बायकोनं बाजारातून काय आणायला सांगितलं ते मात्र कोपऱ्यापर्यंतही लक्षात राहायचं नाही. बायको होती तोवर याच विषयावर त्यांची रोजची करमणूक चाले.

त्याची वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. विज्ञानाची पदवी घेतलेली, बंदरावर लग्न करून आलेली, आणि कारखान्याच्या ऑफिसात एकतीस वर्षं टेबल सांभाळलेली. तिच्या खिडकीतून शेड दिसायची. ती खिडकीतून विचारायची, "भाऊजी, जाळं विणताय की स्वतःला गुंडाळून घेताय?" हा मान वर न करता म्हणायचा, "वहिनी, वितळणाऱ्या मालाचा हिशेब ठेवण्यापेक्षा बरंय." असं दोघांचं चाले. पदवीचा तिला ताठा होता. त्याला तो दिसायचा आणि मौज वाटायची.

आता ती करुणा. तिच्याबद्दल आधी बोललेलं बरं.

ती करुणा जिच्यावरची, ती व्हेल शार्क नावात व्हेल असली तरी देवमासा नव्हे. ती मासाच आहे, जगातला सगळ्यात मोठा. लांबीला एखादी बस. शार्कच्या जातीची, पण दात असून नसल्यासारखे. तोंड उघडं टाकून पाणी घेत राहायचं आणि त्यातलं भाताच्या शितापेक्षा बारीक काय असेल ते गाळून खायचं, एवढाच तिचा उद्योग. काळपट पाठीवर पांढरे ठिपके, म्हणून बंदरावर ती ठिपकेवाली. वयात यायलाच हिला पंचवीस-तीस वर्षं लागतात. म्हणजे एक मारली की तिची जागा भरायला माणसाची एक पिढी जाते. हे तेव्हा बंदरावर कुणाला माहीत नव्हतं. वहिनीला पुस्तकात शोधता आलं असतं. तिनं शोधलं नाही.

त्या काळी होड्या लाकडाच्या होत्या आणि ठिपकेवालीच्या यकृताचं तेल लाकडाला चोपडलं की पाणी आत शिरत नसे. दोन्ही भाऊ तेव्हा एकाच होडीवर. थोरला भाला टाकायचा, गाठोबा दोर सोडायचा. ठिपकेवालीला मारायला शौर्य लागत नाही. ती पळत नाही, अंगावर येत नाही. उलट होडी दिसली की जवळ येते आणि काठाला अंग घासत बघत राहते. तेवढ्यात मारायची. यकृत काढून घ्यायचं आणि उरलेली बसएवढी सगळी परत पाण्यात ढकलून द्यायची. पुढं तिच्या पोहायच्या परांना गिऱ्हाईक मिळालं, मग परही काढू लागले. आठ वर्षांत चौदा मारल्या. थोरल्यानं तापल्या सळईनं होडीच्या काठावर चौदा ठिपके उठवले होते. येईल-जाईल त्याला दाखवायचा आणि म्हणायचा, आमचीही ठिपकेवालीच. लोक हसत. वहिनीही हसलेली आहे. तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्या त्या परांतून झाल्या. त्या वेळी तिची पदवी कपाटात होती.

मग बंद का झालं? हृदय वगैरे द्रवलं नाही. फायबरच्या होड्या आल्या, त्यांना तेल लागेना. कायदा आला, व्यापारी गायब झाले. आणि दोर ओढायच्या यंत्रात गाठोबाचा पाय सापडून घोट्यातून गेला तो गेलाच. होडी सुटली आणि तो शेडमधल्या खोक्यावर येऊन बसला. थोरला झोपेत गेला, त्याला कुणी काही विचारलं नाही. गाठोबाला मात्र पुढं पंचवीस वर्षं बसून काढायची होती, आणि बसलेल्या माणसाला नको ते आठवतं. तो स्वतःच म्हणायचा, मला दया आली ती रिकामपणी.

एका वर्षी शहरातल्या ऑफिसातून एक मुलगी आली. पाठीला पिशवी, पायात पुरुषी बूट. धक्क्यावर खुर्च्या मांडून सभा झाली. तिनं सांगितलं, ठिपकेवाली जाळ्यात अडकली तर जाळं कापा आणि तिला सोडा, कापलेल्या जाळ्याची भरपाई ऑफिस देईल, फक्त फोटो हवा. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, प्रत्येकीचे ठिपके वेगळे असतात, जसे आपल्या बोटांचे ठसे. कल्ल्यामागच्या डाव्या अंगाचे ठिपके फोटोत आले की ती कोण ते कळतं. दुसऱ्या समुद्रात कुणी पाणबुड्यानं फोटो काढला तरी जगभरच्या फोटोंच्या रजिस्टरशी जुळवून सांगता येतं की ही तीच. लोक भरपाईचं ऐकून उठले. गाठोबा बसून राहिला. खुर्च्या उचलायला आलेल्या माणसानं त्याची खुर्ची मागितली तेव्हा म्हणाला, थांब रे, मला चौदा आठवायच्यात.

त्याला तिघीच आठवल्या.

पुढं बंदरावर पद्धत पडली की ठिपकेवाली अडकली की मोबाइलवरून निरोप यायचा आणि गाठोबाला लहान होडीत घालून न्यायचे. प्रेमानं नव्हे. जाळं कुठं कापलं तर मासाही सुटेल आणि जाळंही पुन्हा उभं राहील हे त्यालाच कळायचं. भलत्याच दोरीला सुरी लावली तर दोन्ही जायचं. तो डेकवर पालथा पडायचा, हात पाण्यात घालून चार जागा कापायचा, आणि मग जाळं आपोआप उलगडायचं. ठिपकेवाली जरा वेळ तशीच राहायची. सुटलो हे तिला लवकर कळत नसे. त्या अर्ध्या मिनिटात हा तिचं डावं अंग बघून घ्यायचा. उजवं समोर आलं तर होडी वळवायला लावायचा, शिव्या खाऊन.

फोटो पोरं काढत. फोटोत पोरं असत, त्यांचे दात असत, मागं कुठंतरी काळं पाणी. गाठोबाजवळ असला मोबाइल नव्हता. पण भोकं लक्षात ठेवण्यात त्याचा जन्म गेला होता, त्याला ठिपके काय जड? शेडमध्ये परत आला की तो दोन हात लांबीचं बारीक जाळं विणायचा आणि जिथं ठिपका तिथं पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारायचा. मोठ्या ठिपक्याला दुहेरी. असा एकेकीचा एकेक तुकडा. वहिनीनं पहिला बघितला तेव्हा तिला वाटलं पडदा करतोय. त्यानं सांगितल्यावर तिनं चष्मा लावून तो पुन्हा बघितला. 

नऊ वर्षांत एकोणीस सोडल्या. एकोणीस तुकडे झाले.

आणि मग पुतण्या. वहिनीचा मुलगा, त्याची स्वतःची मोठी बोट, चार माणसं कामाला. त्याच्या जाळ्यात सतरावी अडकली. भरपाईसाठी फोटो स्वच्छ हवा, म्हणून त्यानं तिच्या शेपटीला दोर बांधून बोटीला धरून ठेवली. ऊन बरोबर पडेना, फोटो नीट येईना. चाळीस मिनिटं. हा मासा पुढं जात राहिला तरच श्वास घेतो, त्याला शेपटीनं मागं ओढणं म्हणजे नाकतोंड दाबणं. सभेत मुलीनं हे दोनदा सांगितलं होतं. वाचवल्याचा पुरावा पाहिजे म्हणून धरून ठेवायचं, असला हा कारभार. गाठोबा पोचला तेव्हा कल्ले हलायचे थांबत आले होते. त्यानं पुतण्याला काही न विचारता दोर कापला. ती तिरकी होऊन खाली गेली. पोहत गेली की नुसतीच गेली, ते सांगता येत नव्हतं.

धक्क्यावर सगळ्यांदेखत पुतण्या बोलला. "काका, तुम्ही सोडता त्यातली एक तरी जगते का? बुडून मरतात मैलभर पुढं जाऊन. तुम्हाला दिसत नाही म्हणून तुमचं पुण्य."

 संध्याकाळी गाठोबा वहिनीकडे आला आणि उंबऱ्याशीच बसला. तिनं मुलाच्या वतीनं काहीतरी सारवासारव केली. ती त्यानं ऐकलीही नसावी. म्हणाला, "पोरगा चुकीचं नाही बोलला, वहिनी. चौदा मारल्या ते मला पक्कं माहीत आहे. एकोणीस जगल्या का, ते नाही माहीत. एक, नुसती एक जगली एवढं कळलं तरी चालेल. मग मी विचारणार नाही."

तेव्हा सतराच होत्या. दोन पुढं सोडल्या. पण तो बोलताना एकोणीसच म्हणाला असं वहिनीच्या डोक्यात बसलंय, आणि ते काही आता निघत नाही.

त्या दोन झाल्यावर ती दोघं शहरातल्या ऑफिसात गेली. वहिनीनं ओढून नेलं म्हणा, तो ओढला गेला म्हणा. तिसऱ्या मजल्यावर दोन टेबलं, एक बंद पडलेला पंखा, खिडकीत वाळलेलं रोप. मुलीनं पिशवी उघडली, पहिला तुकडा उजेडाच्या काचेवर पसरला आणि जागेवरून उठली. तिनं आणखी दोन माणसांना बोलावलं. तेही बघत राहिले. गाठोबाला आपण काही गुन्हा केलाय असं वाटलं. मुलगी म्हणाली, काका, हे रजिस्टरशी जुळवता येईल. नऊ वर्षांत कुणी कुठं फोटो काढला असेल आणि तो जुळला, तर ती जगली असंच म्हणायचं.

मग तिनं दुसरा तुकडा उचलला आणि काचेवर टाकला, आणि गाठोबा म्हणाला, "उलटा टाकला."

"उलटा म्हणजे?"

"पाठीमागून बघताय तुम्ही. मासा आरशात बघितल्यासारखा."

मुलीनं तुकडा उलटला, पुन्हा उलटला. तिला काही फरक दिसेना. वहिनीलाही दिसेना. कापडाला सुलट असते, उलट असते. जाळं दोन्हीकडून सारखंच दिसतं. गाठोबानं डोळे मिटून एका गाठीवर अंगठ्याचं नख फिरवलं. दोऱ्याचं टोक तो नेहमी स्वतःकडे दाबायचा. टोक लागलं की ती पुढची बाजू, आणि पहिल्या ओळीची गाठ जरा सैल, तिकडं डोकं. त्याला यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. पायात चप्पल कुठली डावी हे कुणी लिहून ठेवतं का?

मुलीनं त्या टोकावर बोट फिरवलं, तिला कळलं नाही. तिनं डोळ्यांना भिंग लावलं, तरी शपथ घेण्याइतकं कळलं नाही. म्हणाली, प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधा. पुढची बाजू कोणती, डोकं कुठं, कधी दिसली, कुठं. एवढं झालं की आणा, मी एकेक जुळवते. कारण तुकडा चार तऱ्हांनी ठेवता येतो, आणि वाट्टेल तसा फिरवून पाहिला तर काही ना काही जुळतंच. त्याला पुरावा म्हणत नाहीत.

एका दुपारचं काम. चहा करायचा, त्यानं अंगठा फिरवून सांगायचं, तिनं लिहायचं.

दुसऱ्याच आठवड्यात तो पिशवी घेऊन आला. वहिनीनं जेवणाचं टेबल पुसलं, चष्मा चढवला, पेन उघडलं. त्यानं पिशवीच्या तळातून तीन तुकडे काढून सगळ्यांत वर ठेवले. दोरा जुना, पिवळट.

"लिहा," तो म्हणाला. "एक नंबर. मारली. मारणारे, मी आणि दादा."

वहिनीनं पेनाला टोपण घातलं. "ह्या कुठल्या?"

"आठवल्या त्या तिघी. बाकी अकरांचं नुसतं तेल आठवतं."

ती म्हणाली की ऑफिसला सोडलेल्या हव्यात. मेलेल्या काय परत दिसणार आहेत? तो म्हणाला, रजिस्टर म्हणजे रजिस्टर, अर्धं कसं द्यायचं. ती म्हणाली, बरं, पण त्यांचं नाव कशाला? ते आता नाहीत.

"मासाही नाही," तो म्हणाला.

ती भडकली. आयुष्यभर ती भडकत आलेली आहे, पण त्या दिवशी आवाज चढला त्यात खोटं होतं, आणि दोघांना ते कळत होतं. तिच्या हस्ताक्षरात नवऱ्याचं नाव, पुढं 'मारली', आणि तो कागद शहरातल्या ऑफिसात. मागच्या दोन खोल्यांचं काय? तिथं आता नातू अभ्यास करतो. तिनं सांगितलं, एकोणीस लिहीन, तीन लिहिणार नाही. पटत नसेल तर दुसरा कुणी लिहिणारा शोधा, बंदरावर आता सगळ्यांना लिहिता येतं.

त्यानं तुकड्यांची घडी घातली. म्हणाला, "दुसऱ्या कुणासमोर मी दादाचं नाव घेईन होय?"

मग तारखा पडत गेल्या. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं; ते खरं होतं. लेकीकडे जायचं होतं. तेही खरं, पण दोन दिवसांसाठी, आणि ती राहिली तीन आठवडे. एकदा तिनं सांगितलं की हात दुखतो. तो म्हणाला, कोणता? ती म्हणाली, डावा. तो म्हणाला, बरं, आणि निघून गेला. हा विनोद होता हे तिला संध्याकाळी कळलं. ती उजव्या हातानं लिहिते.

पावणेदोन वर्षं गेली. मध्ये ऑफिसातल्या मुलीचा चार वेळा फोन आला. चारही वेळा वहिनी म्हणाली, होतच आलंय.

मग एका सोमवारी, दुपारी तीनच्या सुमारास, तो न सांगता आला. वहिनी आतल्या खोलीत पलंगावर पडून होती. जागी होती. त्याच्या तिरक्या चपलेचा आवाज तिनं जिन्यावरच ओळखला आणि भिंतीकडे तोंड केलं. सून आत डोकावली. वहिनीनं हातानं खूण केली. सून बाहेर जाऊन म्हणाली, आई झोपल्यात.

तो बाहेरच्या खुर्चीवर बसला. पाणी मागितलं, प्यायला. आत सगळं ऐकू येत होतं. म्हणाला, "उठवू नको. त्यांना सांग, ते तीन राहू दे. मी काढून घेतो, शेडमध्ये ठेवतो. एकोणीसच करू. पिशवी इथंच ठेवून जातो, परत परत उचलून आणायला पाय होत नाही. चिठ्ठ्या तेवढ्या कापून ठेवायला सांग, पुढची बाजू मी येऊन सांगतो."

सून म्हणाली, सांगते. तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळून जरा मोठ्यानं म्हणाला, "आणि म्हणावं, निवांत झोपा."

हार कुणाची झाली हे वहिनीला कळत होतं. एवढ्या वर्षांत त्यानं हट्ट म्हणून एकच धरला होता, तो सोडला. आणि ती पाठ करून पडून राहिली. मंगळवार तिनं चिडण्यात घालवला. बुधवारी सकाळी तिनं जाड पुठ्ठा घेतला, पट्टी लावून रेघा मारल्या, चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीला भोक पाडून दोरा ओवला. बावीस कापल्या. मग सुनेला शेडमध्ये पाठवलं. भाऊजींना म्हणावं, शुक्रवारी या, आणि येताना ते तीनही घेऊन या. पहिल्या चिठ्ठीवर काय लिहायचं ते मला माहीत आहे.

सून परत आली. म्हणाली, काका हसले. म्हणाले, शुक्रवारी येतो, पण वहिनींना विचार, त्या दिवशी कोणता हात दुखणार आहे.

गुरुवारी दुपारी तो खोक्यावर बसल्या बसल्या गेला. जाळं मांडीवर, घर अंगठ्यात अडकलेलं, मान खाली. शेडसमोरून लोक येत-जात होते. सगळ्यांना वाटलं, गाठ बघतोय. पाचच्या सुमाराला कुणीतरी सुई खाली पडलेली पाहिली.

त्याचे तेरा दिवस झाल्यावर वहिनी पिशवी घेऊन एकटी शहरात गेली. मुलीनं तिच्यासमोर एकोणीस तुकडे काचेवर मांडले, बघितले, फिरवले. कॉम्प्युटरनं रजिस्टरातलं एक नाव पुढं केलं. कुठल्या तरी लांबच्या समुद्रात, गाठोबाच्या सहाव्या तुकड्यानंतर तीन वर्षांनी, एका पाणबुड्यानं काढलेला फोटो. ठिपके तसेच दिसत होते. पण तुकडा एका बाजूनं ठेवला तरच. दुसऱ्या बाजूनं ठेवला तर काहीच नव्हतं.

"ही पुढची बाजू आहे का?" मुलीनं विचारलं.

वहिनीनं डोळे मिटून गाठीवर नख फिरवलं. टोक लागल्यासारखं वाटलं. तुकडा उलटून पुन्हा फिरवलं, तसंच वाटलं. मुलगी वाट बघत होती. हो म्हणायला वहिनीचं काय जात होतं? एक जगली असती. रजिस्टरात लागली असती. पण ज्यानं अर्धं रजिस्टर द्यायचं नाही म्हणून दोन वर्षं घालवली, त्याच्या वतीनं अंदाजानं काय सांगायचं?

"माहीत नाही," ती म्हणाली.

बंदरावर तिनं तीन जाळीवाल्यांना तुकडे दाखवले. हल्ली जाळी यंत्रावर येतात. हे लोक फाटलेलं कापून नवं जोडतात. एकानं सांगितलं ही बाजू, दुसऱ्यानं ती. तिसरा म्हणाला, आजी, जाळ्याला कसली आलीय बाजू? पुतण्यानं वेगळंच सुचवलं. म्हणाला, आई, हे तुकडे काचेत बसवून धक्क्यावरच्या माझ्या ऑफिसात लावू, काकांची कला म्हणून. आईनं त्याला जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग त्यानं फरशी बसवली. मागच्या महिन्यात त्याच्या जाळ्यात आणखी एक अडकली होती. दोर कुठं बांधला आणि किती वेळ, ते वहिनीनं त्याला विचारलं. तो मोबाइल कानाला लावून बाहेर गेला. जाळं कुठं कापायचं ते आता कुणाला कळत नाही, म्हणून सगळंच कापतात. कधी जाळं वाचतं, कधी मासा, बरेचदा दोन्ही नाही.

तीन पिवळट तुकडे शेडमध्ये सापडले नाहीत. शेड रिकामी करणाऱ्यांनी जुन्या जाळ्यांबरोबर ते टाकले असतील. वहिनीनं कचऱ्याच्या जागेवर जाऊन काठीनं उलथापालथ केली. लोक बघत होते. बघोत.

पिशवी तिच्या कपाटावर आहे. त्यात एकोणीस तुकडे आणि बावीस चिठ्ठ्या, दोरे ओवलेल्या. पेन चालतंय का ते बघायला तिनं त्या बुधवारी पहिल्या चिठ्ठीवर एक छोटी रेघ ओढली होती. बाकी कोऱ्या आहेत.